रॉचेस्टरचा खंदक आणि रस्त्यांची श्रीमंती

अमेरिका श्रीमंत आहे म्हणून तिथले रस्ते चांगले झाले असे नसून, रस्ते चांगले होते म्हणून अमेरिका श्रीमंत झाली, अशा अर्थाचे एक वचन जॉन केनेडी यांच्या नावावर खपते. महाराष्ट्रात ते न ऐकलेला वृत्तपत्रवाचक सापडणे कठीण, कारण नितीन गडकरी वर्षानुवर्षे आपल्या भाषणांतून ते सांगत आले आहेत. केनेडी खरोखर तसे बोलले की नाही, हा वाद येथे नको. शेतातला माल बंदरापर्यंत आणि कारखान्यातला माल बाजारापर्यंत वेळेत पोहोचवणाऱ्या महामार्गाबद्दल हे वचन बऱ्याच अंशी खरेही आहे. घोळ होतो तो पुढे. दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्याचा न्याय शहराच्या पोटातल्या रस्त्याला लावला जातो आणि मग गावठाणातून सहा लेनचा रस्ता काढणे म्हणजे समृद्धीला दार उघडून देणे, असे मानले जाते. ज्या देशाचा दाखला देऊन हे सांगितले जाते, त्याच देशात हा समज सपशेल तोंडावर आपटला आहे. ते पाहायला न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसची गरज नाही. त्यासाठी रॉचेस्टर हे मध्यम आकाराचे शहर पुरेसे आहे.

रॉचेस्टर न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, ऑन्टारिओ सरोवराजवळ आहे. जेनेसी नदीच्या धबधब्यांवर पिठाच्या गिरण्या चालल्या, १८२० च्या दशकात ईरी कालवा आला आणि तिथले पीठ देशभर गेले. पुढे चष्म्याच्या भिंगांची बॉश अँड लॉम्ब १८५३ मध्ये सुरू झाली, जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि १९०६ मध्ये निघालेली हॅलॉइड ही छोटी कंपनी पुढे झेरॉक्स झाली. वापरात नसलेल्या कालव्याच्या पात्रात १९२७ साली या शहराने चक्क भुयारी रेल्वे चालू केली. १९५० च्या जनगणनेत लोकसंख्या ३,३२,४८८ भरली. हा रॉचेस्टरचा आजवरचा उच्चांक.

तोपर्यंत शहरात एकही एक्स्प्रेस-वे नव्हता.

तेव्हा श्रीमंती आधी आणि रुंद रस्ते नंतर, असा इथला क्रम आहे. केनेडींच्या नावावरच्या वचनाच्या बरोबर उलटा. आणि रस्ते आल्यावर काय झाले, ते तर अधिक बोलके आहे.

१९५२ मध्ये शहराच्या मध्यभागाला वेढा घालणाऱ्या ‘इनर लूप’चे काम सुरू झाले. सुमारे पावणेतीन मैलांचे हे कडे १९६५ साली पूर्ण झाले. बराच भाग जमिनीच्या पातळीखाली, काँक्रीटच्या भिंतींमध्ये खंदकासारखा खोदलेला. खालचा रस्ता आणि दोन्ही काठांवरचे रस्ते धरले, तर काही ठिकाणी रुंदी बारा लेनपर्यंत जाई. वाटेत आलेली घरे, दुकाने आणि चाळीवजा इमारती पाडल्या गेल्या. जुन्या रस्त्यांचे जाळे तुटले. भुयारी रेल्वेची प्रवासी वाहतूक १९५६ मध्ये बंद झाली आणि तिच्या मार्गाचा पूर्वेकडचा भाग नव्या द्रुतगती मार्गाच्या पोटात गेला. १९६२ मध्ये व्हिक्टर ग्रुएन या नामांकित वास्तुरचनाकाराने शहराच्या ऐन मध्यात मिडटाउन प्लाझा उभारला. अमेरिकेत शहराच्या मध्यवस्तीत उभा राहिलेला तो पहिला बंदिस्त मॉल, आणि पोटात प्रचंड भूमिगत पार्किंग. उपनगरातला ग्राहक गाडीने झपकन यावा, खरेदी करावी आणि झपकन परतावा, हा हिशेब. त्या काळचे तज्ज्ञ जे जे करा म्हणाले, ते ते रॉचेस्टरने निमूटपणे केले. या शहरावर हलगर्जीपणाचा आरोप कोणी करू शकणार नाही.

मिडटाउन प्लाझा २००८ साली बंद पडला आणि नंतर पाडावा लागला. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,११,३२८ उरली होती.

यावर रस्त्यांच्या कैवाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: रॉचेस्टर बुडाले ते कोडॅक बुडाली म्हणून. डिजिटल कॅमेरा आला, फिल्म संपली, नोकऱ्या गेल्या, माणसे गेली; यात बिचाऱ्या रस्त्याचा काय दोष? ऐकायला बिनतोड वाटते. मात्र सालांशी ताडून पाहिले की उरत नाही. कोडॅकचे रॉचेस्टर परिसरातले मनुष्यबळ १९८२ मध्ये शिखरावर होते, तब्बल साठ हजारांच्या घरात. शहराची लोकसंख्या मात्र १९८० सालीच २,४१,७४१ वर आली होती. म्हणजे १९५० पासूनच्या तीस वर्षांत, कोडॅक आणि झेरॉक्स दोन्ही भरात असताना, शहराने नव्वद हजारांहून अधिक माणसे गमावली. ती गेली कुठे? फार लांब नाही. रॉचेस्टर ज्या मन्रो काउंटीत आहे तिची लोकसंख्या याच काळात ४,८७,६३२ वरून ७,०२,२३८ वर गेली. शहर आटत होते आणि भोवतालची उपनगरे फुगत होती. पगार कोडॅकचाच, पण घराचा कर, दुकानातली उलाढाल आणि शाळेतली मुले शहराच्या हद्दीबाहेर गेली. कोडॅकच्या पडझडीने नंतर दुष्काळात तेरावा महिना आणला, हे खरे. पण दुष्काळ आधीच पडला होता.

रस्ता हा एकटा गुन्हेगार नव्हता, हे मात्र रस्त्याच्या टीकाकारांनीही सांगायला हवे, आणि ते नेहमी सांगत नाहीत. गृहकर्जाला सरकारी हमी देणाऱ्या संस्था कृष्णवर्णीय वस्त्यांना जोखमीच्या ठरवत आणि उपनगरातल्या नव्या घरांना हात सैल सोडून मदत करत. जुलै १९६४ मध्ये शहरात वांशिक दंगल उसळली, नॅशनल गार्ड बोलवावे लागले, आणि त्यानंतर गोऱ्या कुटुंबांच्या स्थलांतराला आणखी वेग आला. जायची इच्छा अनेक कारणांनी तयार झाली. पण रोज शहरात कामाला यायचे आणि संध्याकाळी शहराशी काही देणेघेणे न ठेवता परतायचे, ही सोय रस्त्याने केली. शिवाय ज्यांची घरे पाडून ती केली, त्यांच्यापैकी अनेकांना उपनगरात घर मिळण्याची मुभाच नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक असतो. लोकांनी गाडी निवडली, बाजाराने शहराला आकार दिला. आता कोणी रस्ते अरुंद करू पाहत असेल, सायकलमार्ग आखत असेल, तर ते मूठभर नगररचनाकारांचे लोकांच्या डोक्यावर बसवलेले खूळ आहे, असे म्हटले जाते. या चोराच्या उलट्या बोंबा आहेत. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा नव्वद टक्के खर्च केंद्राने उचलला. ट्राम किंवा भुयारी रेल्वे चालू ठेवायला असा वाटेकरी नव्हता. एका पर्यायाला दहा टक्क्यांत आणि दुसऱ्याला पूर्ण किमतीत विकायचे आणि मग ‘गिऱ्हाइकाने स्वखुशीने निवड केली’ म्हणायचे, हा अजब बाजार झाला. त्यात भर म्हणून बहुतेक अमेरिकी शहरांनी नियमच केले की प्रत्येक दुकानामागे, प्रत्येक सदनिकेमागे ठरावीक गाड्यांची जागा सोडलीच पाहिजे, गिऱ्हाइकाला ती हवी असो वा नसो. रॉचेस्टरच्या शेजारच्या बफेलोने २०१७ साली हा नियम पूर्ण शहरापुरता रद्द केला. तेव्हा पार्किंगवर बंदी आली नाही. किती जागा ठेवायची ते बांधणाऱ्याने ठरवावे, एवढेच झाले. ज्यांना बाजाराचा एवढा पुळका आहे, त्यांनी बफेलोच्या बाजूने उभे राहायला हवे होते.

आणि ‘लोकांनी गाडी निवडली’ या वाक्यातले लोक कोण? रॉचेस्टरमध्ये आजही जवळपास चौथ्या हिश्श्याच्या कुटुंबांकडे गाडी नाही. वर्षाला शंभर इंचांच्या आसपास बर्फ पडणाऱ्या शहरात ही माणसे पायी, बसने किंवा कुणाच्या तरी गाडीतून फिरतात. खंदकापलीकडच्या दुकानात जायचे तर त्यांना आधी जवळचा पूल शोधावा लागे.

आता मुख्य भीतीकडे येऊ: रस्ता काढला तर वाहतूक कोंडेल. रॉचेस्टरने हा प्रयोग करून दाखवला आहे. लूपच्या पूर्वेकडच्या सुमारे पाऊण मैलाच्या तुकड्यावरून दिवसाला जेमतेम सात हजार गाड्या जात. तेवढी वाहतूक साधा दोन लेनचा रस्ता सहज पेलतो. त्या सात हजारांसाठी शहर पूल आणि संरक्षक भिंती सांभाळत बसले होते. २०१३ मध्ये केंद्राचे १ कोटी ७७ लाख डॉलरचे अनुदान मिळाले, पुढल्या वर्षी काम निघाले आणि २०१७ पर्यंत खंदक मातीने भरून जमिनीच्या पातळीला आला. एकूण खर्च सुमारे २ कोटी २० लाख डॉलर. वर युनियन स्ट्रीट हा साधा, दोन्ही दिशांनी वाहणारा रस्ता झाला, त्याला झाडे, रुंद फुटपाथ आणि गाड्यांपासून वेगळा सायकलमार्ग मिळाला. उरलेली सुमारे सहा एकर जमीन बांधकामाला मोकळी झाली. पाचशेहून अधिक घरे उभी राहिली, त्यांतली निम्म्याहून अधिक बाजारभावापेक्षा कमी भाड्याची. खंदक असताना या जमिनीतून शहराच्या तिजोरीत एक सेंटही येत नव्हता.

कोंडी? ती झाली नाही. शहराच्या जुन्या रस्त्यांच्या जाळ्यात गाड्या पांगल्या.

इथे कैवारी पवित्रा बदलतात. मग म्हणतात, हा रस्ता रिकामाच होता, तो बुजवण्यात कसली मर्दुमकी? वर्दळीचा रस्ता काढून दाखवा. या आक्षेपात एक मौज आहे. पन्नासच्या दशकात याच मंडळींचे पूर्वसूरी रस्ता अपुरा पडेल म्हणून बारा लेनची रुंदी मागत होते. आता तोच रस्ता इतका रिकामा होता की तो मोजायचाच नाही, असे वंशज म्हणतात. दोहोंपैकी एक अंदाज साफ चुकला होता, आणि तो चुकण्याची किंमत पाडलेल्या घरांनी मोजली. पण आव्हान टाळण्याचे कारण नाही. मिलवॉकीचे महापौर जॉन नॉर्क्विस्ट यांनी पार्क ईस्ट हा उन्नत मार्ग पाडायला घेतला तेव्हा त्याच्यावर गाड्यांची चांगलीच वर्दळ होती. २००३ पर्यंत तो गेला. पुन्हा बांधण्यापेक्षा पाडणे कितीतरी स्वस्त पडले आणि वाहतूक कोसळल्याची बातमी काही आली नाही. मोकळी झालेली वीसेक एकर जमीन मात्र पुढे बरीच वर्षे पडून राहिली. तिथल्या काही भागावर २०१८ मध्ये बास्केटबॉलचे मोठे मैदान उभे राहिले. रस्ता हटवला की दुसऱ्या दिवशी क्रेन येतात, असे सांगणारेही अर्धसत्यच सांगतात.

रॉचेस्टरपासून दीड तासावरच्या सिराक्यूसमध्ये तर आंतरराज्य महामार्गाचा, आय-८१ चा, उन्नत भागच पाडायला घेतला आहे. त्याच्या सावलीखाली कृष्णवर्णीयांचा पंधरावा वॉर्ड साठच्या दशकात जमीनदोस्त झाला होता. कोर्टकचेऱ्या उरकून २०२३ मध्ये काम सुरू झाले. खर्च २ अब्ज डॉलरच्या वर. दूरच्या पल्ल्याच्या गाड्या शहराला वळसा घालणाऱ्या आय-४८१ वरून जातील आणि शहरात येणाऱ्यांना साधे रस्ते वापरावे लागतील. हा रिकामा रस्ता मुळीच नाही. आव्हान द्यायचेच असेल, तर आता सिराक्यूसकडे बघून द्यावे.

उलटा प्रयोगही अमेरिकेने केला आहे, त्याचाही हिशेब मागायला हवा. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत पावणेतीन अब्ज डॉलर खर्चून रुंद केला, काठचे रस्ते धरून काही ठिकाणी सव्वीस लेनपर्यंत. २०११ ते २०१४ या काळात संध्याकाळच्या गर्दीचा प्रवासवेळ निम्म्याहून अधिक वाढला. जील ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी महानगरांची आकडेवारी तपासून दाखवले की शहरी महामार्गाच्या लेनची एकूण लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचा प्रवास वाढतो. जागा मोकळी मिळाली की ती भरायला नवे प्रवास जन्माला येतात. रॉचेस्टरचा खंदक हा याचाच उलटा पुरावा: जागा आकसली, तसे प्रवासही वाट बदलून किंवा कमी होऊन जुळवून घेतात.

उरला अग्निशमनाचा मुद्दा. अमेरिकी शहरांत रस्ता अरुंद करायची कुठलीही सूचना आली की सर्वात वजनदार विरोध बहुधा अग्निशमन विभागाकडून येतो. त्यांची गाडी मोठी, तिला वळायला जागा हवी, आणि आगीत माणूस मेला तर जबाबदार कोण? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण कोलोरॅडोतल्या लॉन्गमॉन्ट या शहरातल्या आठ वर्षांच्या सुमारे वीस हजार अपघातांचा अभ्यास पीटर स्विफ्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडला, तेव्हा निवासी रस्ता जितका रुंद, तितके दर मैलामागे जखमी करणारे अपघात जास्त, असे आढळले. सर्वात सुरक्षित रस्ते होते ते सुमारे चोवीस फुटांचे. आगीपासून वाचवण्यासाठी रुंद केलेला रस्ता रोज गाडीखाली माणसे आणत असेल, तर वाचवले किती आणि गमावले किती, याचा ताळा मांडावा लागेल. अग्निशमन विभाग तो मांडत नाही, कारण अपघात त्याच्या खात्यात येत नाहीत.

रुंदीचा आणि जिवाचा संबंध समजायला अवघड नाही. समोर बारा फुटांची मोकळी लेन दिसली की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. वेगमर्यादेची पाटी काय म्हणते ते नंतर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये सात शहरांतल्या हजाराहून अधिक रस्त्यांचे तुकडे तपासले, तेव्हा ताशी तीस ते पस्तीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यांवर नऊ फुटी लेनपेक्षा बारा फुटी लेनवर अपघात स्पष्टपणे जास्त आढळले. आणि वेग वाढला की काय होते, तेही मोजून झाले आहे: ताशी ३७ किलोमीटरने धडकलेल्या गाडीखाली पादचारी मरण्याची शक्यता दहापैकी एक, ५१ ला चारपैकी एक, ६८ ला निम्मी. अमेरिकेत २००९ मध्ये ४,१०९ पादचारी रस्त्यावर मेले. २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक. गाड्या अवजड झाल्या, मोबाइल आला, ही कारणे खरी आहेत. पण मोबाइल युरोपातही आला. न्यूजर्सीतल्या होबोकनने चौकांच्या तोंडाशी गाड्या उभ्या करणे बंद केले, त्या जागी सायकलींचे स्टँड आणि झाडांच्या कुंड्या ठेवल्या, ओलांडायचे अंतर कमी केले, आणि जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून अधिक काळ त्या साठ हजार वस्तीच्या शहरात एकही माणूस रस्त्यावर मेला नाही. होबोकन दाटीवाटीचे, मॅनहॅटनसमोरचे गाव आहे. त्याची नक्कल जशीच्या तशी रॉचेस्टरला जमणार नाही. पण तिथले अग्निशमन बंब काही लहान नाहीत.

रस्त्याच्या बाजूने नव्हे, तर डावीकडून येणारा आक्षेप सर्वात जड आहे. खंदक बुजला की जमिनीचा भाव वाढतो, भाडी वाढतात, आणि ज्यांच्या आजी-आजोबांना रस्त्याने उठवले त्यांनाच आता झाडे आणि सायकलमार्ग उठवतात. रॉचेस्टरच्या पूर्व भागात या आक्षेपाला काही आधारही आहे. मोकळ्या झालेल्या जमिनीचा मोठा वाटा ‘द स्ट्रॉंग’ या खेळण्यांच्या संग्रहालयाच्या विस्ताराला आणि त्याच्याभोवतीच्या विकासाला गेला, आणि गाड्यांचा खंदक बुजवून मिळालेल्या जागेत संग्रहालयासाठी बहुमजली पार्किंगही उभे राहिले. याला काव्यगत न्याय म्हणता येईल, पण नगररचना म्हणताना जीभ अडखळते.

तरी या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष तपासून पाहावा. भाडी वाढू नयेत म्हणून वस्तीशेजारचा खंदक तसाच ठेवा, म्हणजे धूर, आवाज आणि पुलावरून वळसा हे गरिबांच्या घरभाड्याचे अनुदान माना, असे हे म्हणणे होते. इतक्या विचित्र दयेची गरज नाही. घर परवडण्याची साधने वेगळी आहेत आणि ती जमीन शहराच्या हातात असतानाच वापरता येतात. लूपच्या उत्तरेकडचा सुमारे दीड मैलांचा भाग काढायला राज्याने २०२२ मध्ये दहा कोटी डॉलर जाहीर केले. तिथे मोकळी होणारी वीसेक एकर जमीन पूर्वेच्या तिपटीहून अधिक आहे आणि शेजारच्या वस्त्या पूर्वेपेक्षा गरीब. किती घरे, कोणत्या भाड्याला, जमीन विकायची की शहराने मालकी राखून वापरायला द्यायची, जुन्या रहिवाशांना पहिला हक्क मिळणार का, या प्रश्नांवर तिथले लोक सभांमधून भांडत आहेत आणि भांडायलाच हवे. पूर्वेत पार्किंगच्या इमारतीला होकार देताना शहराने जमीनमालक म्हणून आपली ताकद फारशी वापरली नाही. उत्तरेत ती वापरली जाते का, हे विक्रीच्या करारांतल्या अटी वाचून कळेल. गाड्यांच्या मोजणीतून ते कळणार नाही.